यकृताच्या दारातील दूषित गुठळी

न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्याविषयी चार शब्द लिहावेत, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असा एखादा ओळखीचा विषय घेणे आम्हांस सोपे होते. पण त्या विकारांवर पुष्कळ लिहिले जाते आणि वाचलेही जाते. म्हणून आम्ही मुद्दाम असा विषय निवडला आहे की ज्याचे नावही बहुतेक सभासदांनी ऐकले नसेल. आम्ही पेशाने शिक्षक आहोत, डॉक्टर नव्हे. शास्त्राच्या अभ्यासात जे वाचनात आले व जाणकारांना विचारून जे समजले, ते सोप्या भाषेत मांडणे एवढाच आमचा अधिकार. औषध कोणते व किती हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते, हे आरंभीच सांगून ठेवतो.

या विकारास वैद्यकात पायलेफ्लेबायटिस म्हणतात. नाव अवघड दिसते, पण त्याची फोड सोपी आहे. ग्रीक भाषेत ‘पायले’ म्हणजे दार आणि ‘फ्लेब्स’ म्हणजे शीर. यकृताच्या दारातून आत जाणाऱ्या मोठ्या शिरेचा जंतूंमुळे झालेला दाह, आणि त्या दाहाने तिच्यात गोठलेली पूमिश्रित रक्ताची गुठळी, असा त्याचा अर्थ. हा विकार दुर्मिळ आहे. पुष्कळ डॉक्टरांनाही सबंध आयुष्यात त्याचे मोजकेच रुग्ण पाहावयास मिळतात.

मग एवढ्या दुर्मिळ विकारासाठी या स्मरणिकेची पाने का खर्च करावयाची? याचे कारण असे की विकार दुर्मिळ असला तरी त्याची मुळे दुर्मिळ नाहीत. अंगावर काढलेली पोटदुखी, मध्येच सोडलेले औषध, तान्ह्या बाळाच्या नाळेकडे झालेले दुर्लक्ष, ही ती मुळे होत, आणि ती आपल्या घरोघरी आढळतात. शिवाय हा विकार वेळेवर ओळखला तर बहुतेक रुग्ण वाचतात. उशीर झाला तर जिवावर बेततो. वेळेवर ओळखला जाण्यासाठी डॉक्टरांइतकाच घरच्या माणसांचाही हातभार लागतो.

दाराची शीर कोठे असते?

आपल्या शरीरात शुद्ध रक्त धमन्यांतून अवयवांकडे जाते आणि अशुद्ध रक्त शिरांतून थेट हृदयाकडे परत येते, असे आपण शाळेत शिकलो. पोटातील अवयवांच्या बाबतीत मात्र या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. जठर, लहान आतडे, मोठे आतडे, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून येणारे रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेत गोळा होते व यकृतात शिरते. तेथे त्याची छाननी होते आणि नंतरच ते हृदयाकडे जाते. या शिरेस इंग्रजी वैद्यक पोर्टल व्हेन म्हणते. मराठीत तिला प्रवेशिका शीर म्हणता येईल. युनानी वैद्यकातही तिला ‘बाब’, म्हणजे दरवाजा, असेच म्हटले आहे.

ही शीर सुमारे आठ सेंटिमीटर लांब असते. स्वादुपिंडाच्या मागे दोन शिरांचा संगम होऊन ती बनते. त्यांतली एक आतड्यांकडून येते व दुसरी प्लीहेकडून. यकृतास दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळते, त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश या एकाच शिरेतून येते. पचलेल्या अन्नातील साखर, प्रथिनांचे घटक, घेतलेली औषधे, सारे काही याच मार्गाने यकृतात पोहोचते.

प्राचीन काळी गेलन या ग्रीक वैद्याने असे प्रतिपादन केले की अन्नरस या शिरेतून यकृतात जातो आणि तेथे त्याचे रक्त बनते. हे मत दीड हजार वर्षे वैद्य आणि हकीम दोघांनीही प्रमाण मानले. १६२८ साली विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला तेव्हा ते मागे पडले. पण आतड्यातून जे येते ते प्रथम यकृतात जाते, ही गेलनच्या मतातील गोष्ट खरीच होती.

आता आतड्यातून येणाऱ्या रक्तात अन्नरसाबरोबर अधूनमधून थोडेफार जंतूही येतात. मोठ्या आतड्यात जंतूंची वस्ती अफाट असते. यकृतातील काही खास पेशी हे जंतू गिळून टाकतात. १८७६ साली कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. निरोगी माणसात हा पहारा अखंड चालू असतो आणि आपणांस त्याचा पत्ताही नसतो. पण जंतूंचा लोंढा थोपविता येणार नाही इतका मोठा झाला, तर पहारा अपुरा पडतो.

गुठळी कशी धरते?

रक्त शिरेत आपोआप गोठत नाही. ते का गोठते याची तीन कारणे रुडॉल्फ व्हिर्खो या जर्मन वैद्याच्या नावाने प्रसिद्ध आहेत : शिरेच्या आतल्या अस्तरास इजा होणे, रक्ताचा वेग मंदावणे, आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. पोटात पू झाला की या तिन्ही गोष्टी एकदम घडू शकतात.

आंत्रपुच्छाचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास अपेंडिक्स म्हणतो त्याचे, उदाहरण घेऊ. ते सुजले, त्यात पू झाला, की त्याच्या भिंतीतील बारीक शिरांना दाह होतो. त्या शिरांत लहानशी गुठळी धरते आणि तिच्यात जंतू घर करतात. अशा दूषित गुठळीचे कण सुटून रक्ताबरोबर वर वाहू लागतात, किंवा गुठळीच शिरेच्या आतून वर वाढत जाते. प्रवेशिका शिरेच्या या प्रदेशात मोठ्या माणसांत परत फिरण्यास अडविणाऱ्या झडपा नसतात. शेवटी गुठळी मुख्य शिरेत येऊन बसते. तेथून जंतू यकृतात पसरतात आणि यकृतात एक किंवा अनेक गळवे होतात, बहुधा त्याच्या उजव्या भागात.

या कामी पुढाकार घेणारे जंतू आतड्यातलेच असतात. ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस आणि बॅक्टेरॉइडिस ही त्यांतली नेहमीची नावे. पुष्कळदा एकापेक्षा अधिक जातींचे जंतू एकत्र सापडतात. बॅक्टेरॉइडिस हा जंतू प्राणवायूशिवाय वाढतो, आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला तो स्वतःच चालना देतो असे दिसून आले आहे.

अपेंडिक्स हे एकच उगमस्थान नव्हे. उतारवयात मोठ्या आतड्याच्या भिंतीला लहान लहान पिशव्या येतात, त्या सुजणे हे आजच्या काळातले एक प्रमुख कारण होय. पित्तमार्गातील जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाचा दाह, आतड्याचा जुनाट दाह, पोटावरील शस्त्रक्रियेनंतर झालेला पू, ही आणखी काही. ज्यांच्या रक्तातच गोठण्याची उपजत प्रवृत्ती अधिक असते, त्यांना हा धोका जास्त. यकृत निबर झालेल्या रुग्णांत किंवा कर्करोगातही या शिरेत गुठळी होते. पण ती बहुधा जंतूंविना असते. तो विकार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे.

मागच्या पिढ्यांनी काय सोसले

यकृतातील गळवाचे मूळ या शिरेच्या दाहात असू शकते, हे १८४६ साली वॉलर नावाच्या वैद्याने शवविच्छेदनात पाहून नोंदविले. त्या काळी जिवंत रुग्णात हा विकार ओळखण्याचे साधन नव्हते, आणि ओळखला तरी उपाय नव्हता. पुढे १८८६ साली अमेरिकेत बॉस्टन येथील रेजिनाल्ड फिट्झ याने अपेंडिक्स फुटलेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास करून दाखवून दिले की उजव्या कुशीतील त्या घातक पूचे मूळ अपेंडिक्समध्येच असते. अपेंडिक्स वेळेवर काढून टाकणे हाच उपाय, हे हळूहळू पटू लागले.

तरीही लोक थांबत, आणि थांबणाऱ्यांत राजेही होते. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. पोटात पू झालेला असतानाही समारंभ पुढे ढकलण्यास त्याचे मन घेईना. अखेर डॉक्टरांनी निक्षून सांगितल्यावर २४ जूनला, म्हणजे समारंभास दोन दिवस उरले असता, फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यवैद्याने पू काढून टाकला. राजा वाचला आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. त्याच ट्रीव्ह्जची स्वतःची तरुण मुलगी १९०० साली याच विकाराने दगावली होती. अपेंडिक्सच्या दुखण्यात उशीर काय करू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

१९३८ साली ऑक्सनर आणि डिबेकी या अमेरिकन शल्यवैद्यांनी आपल्या सहकाऱ्यासह यकृतातील पूयुक्त गळवांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्या वेळी या गळवांच्या कारणांत अपेंडिक्स आघाडीवर होते, आणि रुग्णांत तरुणांचा भरणा मोठा होता. दाराच्या शिरेत पू शिरला की रुग्ण बहुतेक हाताबाहेर गेला, अशीच तेव्हाची समजूत होती आणि ती अनुभवावर आधारलेली होती.

चित्र पालटले ते प्रतिजैविक औषधांमुळे. आपल्या देशात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच होऊ लागले. पण आतड्यातील सर्वच जंतू पेनिसिलिनला दाद देत नाहीत. मेट्रोनिडाझोल हे औषध प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंवर चालते, हे १९६२ साली लक्षात आले आणि पोटातील पूवरच्या उपचारात मोठी भर पडली. सी.टी. स्कॅनने रुग्णाची पहिली तपासणी १९७१ साली लंडनमध्ये झाली. त्यानंतर जी गुठळी पूर्वी शवविच्छेदनातच दिसे, ती रुग्ण जिवंत असताना, उपचाराला वेळ असताना दिसू लागली.

ओळखावा कसा?

या विकाराचे एकही असे लक्षण नाही की जे केवळ याच विकारात होते. म्हणूनच तो चुकतो. ताप आणि पोटदुखी ही दोन लक्षणे बहुतेकांत असतात. तापाबरोबर हुडहुडी भरते, दात वाजतात, घाम येऊन ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. अन्नावरची वासना जाते, मळमळते, कोणास जुलाब होतात. यकृत सुजल्यास उजव्या बरगड्यांखाली दुखते. कावीळ असतेच असे नाही. झाली तरी बहुधा उशिरा आणि सौम्य असते. म्हणून “डोळे पिवळे नाहीत, म्हणजे यकृत ठीक आहे” असे मानणे बरोबर नाही.

विकार कसा निसटतो हे समजण्यासाठी कल्पनेने एक उदाहरण घेऊ. अठरा वर्षांचा एक विद्यार्थी आहे. परीक्षा तोंडावर आली आहे. एके रात्री त्याच्या बेंबीभोवती दुखू लागते. आई हिंग लावते, ओवा देते. सकाळी दुखणे उजव्या कुशीत खाली उतरते. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात. तिसऱ्या दिवशी कळ बरीच कमी होते. मुलगा म्हणतो, “बरा आहे मी,” आणि घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. गोळ्या संपतात. पाचव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आता पोटदुखीची आठवण कोणाला राहिलेली नाही. मलेरियाची तपासणी होते, ती निघते निर्दोष. टायफॉइडची विडाल तपासणी थोडीशी सकारात्मक येते. ती तपासणी आपल्याकडे पुष्कळदा फसवी ठरते. पण टायफॉइडचे औषध सुरू होते. ताप थोडा उतरतो, पुन्हा चढतो. दहाव्या-बाराव्या दिवशी डोळ्यांत पिवळसर झाक येते आणि मग धावपळ सुरू होते.

या कहाणीत कोणी दुष्ट नाही, कोणी फारसे निष्काळजीही नाही. प्रत्येकाने आपल्या परीने काहीतरी केले आहे. फक्त पहिल्या दिवसाची पोटदुखी आणि पाचव्या दिवसाचा ताप यांची सांगड कोणी घातली नाही. पोटातील कळ थांबली, पण ताप राहिला किंवा थोड्या दिवसांनी हुडहुडीसह परत आला, तर दुखणे गेले असे न समजता ते जागा बदलून बसले असावे अशी शंका घ्यावी. या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती हीच. सुजलेले अपेंडिक्स फुटल्यावर कळ काही काळ कमी होते, ही गोष्ट शल्यवैद्यांना चांगली माहीत आहे. म्हणून एकाएकी मिळालेला आराम नेहमीच शुभ नसतो.

शंका आली की पुढची वाट आज सरळ आहे. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, यकृताच्या तपासणीत काही आकडे चढलेले असतात. रक्तातील जंतूंची वाढ करून पाहणारी तपासणी, म्हणजे ब्लड कल्चर, फार उपयोगी असते. शक्य असेल तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी त्यासाठी रक्त घ्यावे लागते, कारण औषध पोटात गेले की जंतू सापडणे कठीण होते. मात्र तेवढ्यासाठी उपचार खोळंबू देत नाहीत. सोनोग्राफीत डॉप्लर पद्धतीने शिरेतला प्रवाह पाहता येतो आणि गुठळी दिसू शकते. पोटात वायू असल्यास किंवा रुग्ण स्थूल असल्यास सोनोग्राफीला मर्यादा पडतात. शिरेतून औषध देऊन काढलेला सी.टी. स्कॅन सर्वांत उपयोगी, कारण त्यात गुठळी, यकृतातील गळवे आणि मूळ पूची जागा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

येथे एक सूचना. आपल्या प्रदेशात ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे यांचे एक नेहमीचे कारण म्हणजे आमांशाच्या अमीबाने होणारे यकृताचे गळू. त्याचा उपचार निराळा आहे. दोन्ही विकार वरवर सारखे दिसतात, म्हणून ओळखीच्या माणसाला ज्या गोळ्यांनी गुण आला त्याच आपणही घ्याव्यात, हा विचार येथे फार घातक ठरतो.

उपचार : तीन गोष्टी, आणि तिन्ही पुऱ्या

पहिली गोष्ट म्हणजे प्रतिजैविके. आरंभी ती शिरेतून, आणि अनेक प्रकारच्या जंतूंवर चालतील अशी दिली जातात. उदाहरणार्थ सेफट्रायअक्झोन व मेट्रोनिडाझोल यांची जोडी, किंवा पिपेरासिलिन-टाझोबॅक्टम. कल्चरचा निकाल आल्यावर त्यानुसार औषध बदलतात. रुग्ण सुधारल्यावर पुढचा भाग गोळ्यांनी पुरा करता येतो. एकंदर मुदत साधारणपणे चार ते सहा आठवडे असते. यकृतात गळवे असतील तर सहा आठवडे किंवा त्याहून अधिक. गुठळीच्या आत रक्त वाहत नाही, म्हणून औषधही तेथे सहजी पोहोचत नाही. जंतू दडून राहतात. ताप चार-पाच दिवसांत गेला म्हणून औषध सोडले, तर दडलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ पूचा निकाल लावणे. अपेंडिक्स काढणे, पोटातील किंवा यकृतातील मोठे गळू सुईने अथवा नळी घालून रिकामे करणे, पित्तमार्ग मोकळा करणे, जे लागू असेल ते. मूळ तसेच ठेवून वरून औषधाचा मारा करण्यात अर्थ नसतो. आजकाल साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्सच्या काही रुग्णांना इस्पितळाच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेविना केवळ औषधांनी बरे करतात, हे खरे आहे. पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो, आपण घरी नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे रक्त पातळ ठेवणारी औषधे. यांच्याबाबत तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १०० रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यांत प्रतिजैविकांबरोबर रक्त पातळ करणारे औषध मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते, तर केवळ प्रतिजैविके मिळालेल्यांत शेकडा बावीसच्या आसपास. आकडा बोलका आहे, पण हे रुग्ण निरनिराळ्या ठिकाणचे, निरनिराळ्या अवस्थेतले होते. बरोबरीने ठेवून केलेली ती तुलना नव्हती. म्हणून गुठळी आतड्याकडील शिरेत पसरत असेल, औषध देऊनही ताप हटत नसेल, किंवा रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती जास्त असेल, तर हे औषध देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. बहुधा ते तीन ते सहा महिने चालते. वॉरफरिन दिले असेल तर ठरल्या वेळी रक्ताची तपासणी केलीच पाहिजे, आणि डोके दुखले म्हणून मनाने ॲस्पिरिनची गोळी घेता कामा नये.

उपचार न मिळाल्यास काय होते? आतड्याकडचे रक्त अडून आतड्याचा भाग काळा पडू शकतो. यकृतात गळवे वाढतात. जंतू साऱ्या रक्तात पसरून रुग्ण अत्यवस्थ होतो. जे वाचतात त्यांच्यातही काहींत शीर कायमची बुजते, पोटातील शिरांतला दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि काही वर्षांनी रक्ताची उलटी होण्याचा धोका राहतो. म्हणून बरे वाटल्यावरही डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी करावयास सांगतात, ती टाळू नये. आजच्या काळातही निरनिराळ्या इस्पितळांच्या अनुभवात मृत्यूचे प्रमाण दहांत एकापासून तिघांत एकापर्यंत आढळले आहे. जिथे निदान लवकर, तिथे ते कमी.

तान्ह्या बाळाची नाळ

प्रवेशिका शिरेचा संबंध बेंबीशीही आहे, हे आयांनी व आजींनी लक्षात घ्यावे. गर्भात असताना आईकडून येणारे रक्त बाळाच्या बेंबीतून एका शिरेने यकृताकडे जाते व प्रवेशिका शिरेला मिळते. जन्मानंतर ती वाट बंद होते, पण काही दिवस उघडी राहू शकते. त्या काळात नाळेत पू झाला तर जंतूंना यकृताच्या दारापर्यंत जाण्यास सरळ रस्ता मिळतो. नाळेला राख, शेण, तेल-हळद किंवा काजळ लावण्याची चाल अजून काही घरांतून आहे. ती प्रेमापोटी आहे हे आम्ही जाणतो. तरी ती सोडली पाहिजे. नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवावी, आणि डॉक्टर किंवा परिचारिकेने सांगितल्याशिवाय तिला काहीही लावू नये. बेंबीभोवती लाली, दुर्गंधी, पू दिसला, किंवा बाळ अंगावर पिईनासे झाले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आपल्या देशात लहान मुलांना रक्ताची उलटी होण्याचे एक प्रमुख कारण प्रवेशिका शीर बुजणे हे आहे. अशा प्रत्येक मुलाची शीर नाळेच्या पूमुळेच बुजलेली असते असे नाही. पुष्कळांत कारण सापडतच नाही. पण जे कारण टाळता येण्याजोगे आहे, ते तरी टाळावे.

घरच्यांनी काय करावे

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना हा विकार कधी पाहावाही लागणार नाही, आणि तशीच आमची इच्छा आहे. तरी पुढील गोष्टी कोणत्याही पोटदुखीत उपयोगी पडतील, म्हणून त्या एकत्र देतो.

१. पोटदुखी सहा-आठ तासांत थांबली नाही, किंवा बेंबीपासून उजव्या कुशीत सरकली, तर डॉक्टरांना दाखवावे. एरंडेल किंवा कोणतेही जुलाबाचे औषध देऊ नये. सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते.

२. दुखणे केव्हा सुरू झाले, ताप केव्हा आला, हुडहुडी भरली का, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे तारीखवार कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टर बदलला तर हा कागद प्रथम दाखवावा. मागच्या पंधरवड्यात पोट दुखले होते, हे एक वाक्य कधी कधी साऱ्या तपासण्यांहून मोलाचे ठरते.

३. प्रतिजैविकाचा क्रम पुरा करावा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत आणि शेजाऱ्याच्या घेऊ नयेत.

४. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटदुखी दाबून परीक्षा, लग्न किंवा प्रवास उरकण्याचा हट्ट धरू नये. इंग्लंडच्या राजालाही राज्याभिषेक पुढे ढकलावा लागला. आपले कार्य त्याहून मोठे नसते.

५. लांबलेला ताप, मग निदान काहीही झालेले असो, औषध सुरू करूनही चार-पाच दिवसांत हटला नाही तर पोटाची सोनोग्राफी करावी काय, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

शेवटी न्यासाच्या सभासदांस एक विनंती. चार ते सहा आठवड्यांचे उपचार म्हणजे औषधांचा खर्च, इस्पितळात राहणारा सोबती, आणि घरातली बुडालेली मजुरी. पुष्कळ कुटुंबे औषध मध्येच सोडतात ती अज्ञानामुळे नव्हे, तर पैसा संपतो म्हणून. शिष्यवृत्ती, वह्या-पुस्तके व सणावारी मदत ही कार्ये आपण श्रद्धेने करीत आलो आहोतच. त्यांच्या जोडीला, सुरू झालेला उपचार पैशाअभावी अर्धवट राहू नये, एवढ्यासाठी काही रक्कम वेगळी ठेवता आली तर या महोत्सवाची ती एक चांगली आठवण होईल. कोणाला रात्री गाडी करून इस्पितळात पोहोचविणारा एक जाणता शेजारी, आणि शेवटच्या आठवड्याच्या गोळ्यांचे पैसे, एवढ्या दोन गोष्टींनीही एखादे घर वाचू शकते.